पीथमपूरची नोकरी गेली: राजीनाम्यावर सही करण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सुदामानगरात राहणारे एक गृहस्थ जवळच्या पीथमपूरच्या एका वाहन-सुटेभागांच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. एकूण साडेपाच वर्षे एकाच लाइनवर काम. त्यातली पहिली २ वर्षे ४ महिने एका ठेकेदाराच्या नावावर आणि पुढची ३ वर्षे २ महिने दुसऱ्याच्या. शेवटचा पगार १९,००० रुपये. ऑर्डर कमी झाल्या म्हणून ३१ जानेवारीला बाराजणांना ‘उद्यापासून येऊ नका’ असा व्हॉट्सॅप निरोप आला. आता ठेकेदाराचा माणूस म्हणतो, छापील राजीनाम्यावर सही करा, मग फुल अँड फायनल देतो. ते विचारतात: काका, सही करू का? सरकारकडून बेकारीचा काही भत्ता मिळतो म्हणतात, तो मला मिळेल का? आणि आईचे औषधपाणी नंदानगरच्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) रुग्णालयात चालू आहे, ते बंद होईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे त्यावर टांगलेले आहे. सही करू नका.

मी बरीच वर्षे कंपन्यांच्या आणि ठेकेदारांच्या बाजूने पीएफ-ईएसआयचे चलान भरण्याचे काम केले आहे, त्यामुळे त्या खिडकीच्या आत काय चालते ते मला ठाऊक आहे. दर महिन्याला ईएसआयच्या पोर्टलवर प्रत्येक कामगारासमोर कामाचे दिवस आणि वेतन भरावे लागते. ज्याचे दिवस शून्य, त्याच्यासमोर कारण निवडावे लागते. त्या यादीत ‘लेफ्ट सर्व्हिस’ आहे, ‘रिट्रेंचमेंट’ (छटनी, म्हणजे मालकाने माणसे कमी करणे) आहे, ‘नो वर्क’ आहे, ‘रिटायर्ड’ आहे, संप-टाळेबंदीही आहे. भरणारा मुलगा बहुतेक वेळा डोळे मिटून ‘लेफ्ट सर्व्हिस’ दाबतो. त्याचा काही दुष्ट हेतू नसतो. रोज शंभर नावे भरायची असतात आणि तो पर्याय वरच्या बाजूला असतो. पण त्या एका क्लिकने सरकारी दप्तरात तुम्ही ‘स्वतःहून सोडून गेलेला’ माणूस होता. वर तुमचा सही केलेला राजीनामा फाइलीत असेल, तर ती नोंद दुरुस्त करा असे म्हणायला तोंडच उरत नाही.

याने नेमके काय जाते, ते तुमच्याच आकड्यांत सांगतो.

ज्याला लोक बेकारी भत्ता म्हणतात, तो तुमच्या बाबतीत ईएसआय महामंडळाच्या ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’तून मिळतो. ही योजना १ जुलै २०१८पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी दैनिक कमाईच्या २५ टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळे, आणि तीही तीन महिने बेकार राहिल्यावर. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, रक्कम ५० टक्के केली, थांबायची मुदत ९० दिवसांवरून ३० दिवसांवर आणली, आणि अर्ज मालकामार्फत न जाता थेट शाखा कार्यालयात करण्याची सोय झाली. पुढे त्याच सैल केलेल्या अटींना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. योजना मुदतवाढीवरच चालते, म्हणून अर्ज भरण्याआधी शाखेत ‘सध्याची मुदत कधीपर्यंत आहे’ हे एका वाक्यात विचारून घ्या.

पात्रता अशी: बेकार होण्याआधीची किमान दोन वर्षे ईएसआयखालच्या नोकरीत असायला हवीत, बेकारीच्या लगेच आधीच्या अंशदान कालावधीत (अंशदान म्हणजे ईएसआयचा मासिक हप्ता) किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले हवे, आणि त्याआधीच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात तरी पुन्हा ७८ दिवस हवेत. अंशदान कालावधी वर्षात दोन, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तुम्ही रोज कामावर जाणारा माणूस, तुम्हाला हे सहज पुरे होते. मधे ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक तोच असतो, आणि इथे दिवस माणसाचे मोजतात, ठेकेदाराचे नाही. बदलाच्या वेळी नव्या ठेकेदाराने दुसराच विमा क्रमांक काढला असेल तर मात्र गडबड आहे. तो जुन्याशी जोडून घ्यावा लागेल. पीथमपूरमध्ये हे सर्रास होते, कारण नव्याला जुना क्रमांक विचारण्याचा कंटाळा.

आता कोणाला मिळत नाही ते पाहा. गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला नाही, निवृत्त झालेल्याला नाही, स्वेच्छेने सोडलेल्याला नाही. राजीनामा तिसऱ्या खान्यात पडतो. म्हणून सहीचा प्रश्न.

किती मिळेल? आधीच्या चार अंशदान कालावधींत तुम्हाला जे एकूण वेतन मिळाले, त्याला ७३० ने भागायचे. समजा पहिले वर्षभर महिना १६,५०० आणि नंतरचे वर्षभर १९,००० होते, तर एकूण ४,२६,०००. भागिले ७३०, म्हणजे रोजचे ५८३ रुपये ५६ पैसे. त्याचे निम्मे २९१ रुपये ७८ पैसे. गुणिले ९० म्हणजे साधारण २६,२६० रुपये. लक्षात घ्या, भागाकार कामाच्या दिवसांनी होत नाही, कॅलेंडरच्या दिवसांनी होतो. मधे दोन महिने बिनपगारी घरी बसवले असेल तर वरची रक्कम ३३,००० ने कमी होईल आणि खालचे ७३० तसेच राहील. मग हातात सुमारे २४,२०० येतील. लोक ‘निम्मा पगार मिळतो’ असे ऐकून येतात आणि शाखेत भांडतात. भांडण्यासारखे त्यात काही नाही, सूत्रच तसे आहे.

हा लाभ आयुष्यात एकदाच. म्हणजे ९० दिवस वापरले की संपले. तुम्हाला येत्या आठवड्यात देवासला किंवा सांवेर रोडला दुसरी नोकरी नक्की मिळत असेल तर हे तुमच्या कामाचेच नाही, आधी ती पकडा. पण महिना-दीड महिना रिकामा जाणार हे दिसत असेल तर सोडू नका.

दुसरी रक्कम छटनीच्या भरपाईची. २१ नोव्हेंबर २०२५पासून चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेतही जुन्या कायद्याप्रमाणेच नियम आहे. एक वर्ष सलग काम झालेल्या कामगाराची छटनी करायची तर एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन. सध्याच्या ठेकेदाराकडची तुमची पूर्ण वर्षे तीन. म्हणजे साधारण दीड महिन्याचा पगार, २८,५०० रुपये. नोटिशीऐवजी १९,०००. याखेरीज संहितेत एक नवी गोष्ट आली आहे, पुनःकौशल्य निधी. छटनी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांची रक्कम त्यात भरायची, आणि ती छटनीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. तुमच्यासाठी ती सुमारे ९,५००.

बेरीज करा. २८,५०० अधिक १९,००० अधिक ९,५०० म्हणजे ५७,०००. त्यात ईएसआयचे २६,२६० धरले तर ८३ हजारांच्या वर. त्या छापील कागदावरच्या सहीची ही किंमत. बदल्यात ठेकेदार जे ‘फुल अँड फायनल’ देतो म्हणतो, तो तुमचाच उरलेला पगार आणि रजेचे पैसे असतात. ते द्यायला तो बांधील आहेच: वेतन संहितेप्रमाणे काढून टाकल्यावर, छटनी झाल्यावर किंवा अगदी राजीनामा दिल्यावरसुद्धा, शेवटचे वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवे. तुमचीच वस्तू तुम्हालाच विकण्याचा हा प्रकार आहे.

एक अट मात्र तपासा. नियुक्तीपत्र बाहेर काढा आणि त्यावर मुदत लिहिली आहे का ते बघा. ‘अमुक तारखेपर्यंत’ अशी ठरावीक मुदतीची नेमणूक असेल आणि ती मुदत संपली म्हणून काम गेले असेल, तर कायदा त्याला छटनी मानत नाही आणि भरपाई मिळत नाही. उलट ठरावीक मुदतीच्या कामगाराला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी मिळते. मुदत लिहिलेली नसेल, आणि ठेकेदारांच्या पत्रांत बहुधा नसतेच, तर वरचा हिशेब चालतो. पर्यवेक्षक म्हणून नेमलेल्या आणि महिना १८,००० च्या वर पगार असलेल्या माणसाला कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. इन्स्पेक्टर म्हणजे सुपरवायझर असे ठेकेदार म्हणू शकतो. तुम्ही प्रत्यक्षात गेज घेऊन भाग तपासत होता की दहा माणसांची हजेरी आणि रजा मंजूर करत होता, यावर ते ठरते. पदाच्या नावावर नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते.

आज संध्याकाळीच व्हॉट्सॅपचा तो निरोप, पाठवणाऱ्याच्या नंबरासह आणि तारखेसह, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा. फोन हरवतो, बिघडतो. गेट पासचा फोटो, शेवटच्या तीन पगारांच्या पावत्या, बँकेचे विवरण. मग एक साधे पत्र लिहा, हिंदीत लिहा, कारण वाचणारे सगळे हिंदीच आहेत: ‘मी अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी कामाला होतो, ३१ जानेवारीला मला काम नसल्याचे सांगून येण्यास मनाई केली, मी राजीनामा दिलेला नाही व देत नाही, माझे थकीत वेतन, नोटीस-वेतन व भरपाई द्यावी आणि ईएसआय व पीएफच्या नोंदीत बाहेर पडण्याचे खरे कारण भरावे.’ इतकेच. रागाचे एकही वाक्य नको. एक प्रत ठेकेदाराला, एक मूळ कारखान्याच्या एचआरला, दोन्ही स्पीड पोस्टाने. १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकली आहे, तेव्हा खिडकीवर ‘पोच हवी’ असे वेगळे सांगा आणि पावती जपा. बाराजणांना काढले असेल तर बाराहीजणांनी आपापले पत्र लिहावे. एकाच कागदावर बारा सह्या केल्या की पहिला माणूस फुटला की सगळे फुटतात. पीथमपूरमध्ये हे पुष्कळ बघितले आहे.

ठेकेदार पैसे देताना पावतीवर सही मागेलच. पैसे घ्या. पावती नीट वाचा आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘केवळ रक्कम मिळाल्याची पोच, राजीनामा दिलेला नाही, बाकी दावे राखून.’ तो नको म्हणाला तर पैसे बँकेत पाठवा म्हणावे. रोख घेतलेच पाहिजेत असे काही नाही.

ज्यांनी दबावाखाली आधीच सही केली आहे, त्यांनी हेच पत्र लगेच लिहावे आणि कोणत्या परिस्थितीत सही घेतली ते तारखेसह मांडावे. आठवडाभरात लिहिलेल्या पत्राला जे वजन असते ते तीन महिन्यांनी लिहिलेल्याला नसते.

अटल योजनेचा अर्ज तुम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे बेकारीचे ३० दिवस पूर्ण झाल्यावर भरा. त्याआधी भरून उपयोग नाही. पैसे उलटून गेलेल्या दिवसांचे मिळतात, येणाऱ्या दिवसांचे नाहीत. आणि वर्षभराच्या आत भरा, पुढे रेंगाळू देऊ नका. ईएसआयच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन करा, तिथे अटल योजनेचा दावा उघडतो. आधार, बँक खाते, बेकार झाल्याची तारीख. पूर्वी स्टँप पेपरवर शपथपत्र लागत असे. २०२० च्या अखेरीस ती अट काढली. तरी कोर्टाबाहेर बसलेले काही जण अजून शपथपत्राचे पैसे घेतात, त्यांच्या नादी लागू नका. अर्ज तुमच्या विमा क्रमांकाला जोडलेल्या शाखेत जातो. मध्यप्रदेशाचे प्रादेशिक कार्यालय नंदानगरात असले, तरी अर्ज तपासणारी शाखा तुमच्या मालकाच्या नोंदीप्रमाणे ठरते. पोर्टलवर तुमच्या नावापुढे शाखेचे नाव दिसते, तिथेच जा. शाखा मालकाच्या नोंदी बघते. त्या नोंदीत ‘लेफ्ट सर्व्हिस’ आले असेल तर तुमच्या पत्राची प्रत, पोच आणि व्हॉट्सॅपचा स्क्रीनशॉट घेऊन शाखा व्यवस्थापकाला लेखी हरकत द्या. तोंडी सांगितलेले तिथे कोणी लिहून घेत नाही.

नावाचा घोळ हा आपल्या इंदुरी मराठी घरांचा खास आजार. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही. इथल्या कारकुनाने मधले वडिलांचे नाव गाळलेले. आधारवर ते पुन्हा आलेले. बँकेत फक्त आद्याक्षर. बायकांचे तर लग्नाआधीचे आणि नंतरचे अशी दोन-दोन नावे चालू. पीएफ, ईएसआय, आधार आणि बँक, चारही ठिकाणी इंग्रजी स्पेलिंगसह नाव एक आहे का ते आज बघा. ठेकेदार अजून तुमचा फोन उचलतो आहे तोवर दुरुस्ती होते. सहा महिन्यांनी त्याचे ऑफिस तिथे असेलच असे नाही.

आईच्या औषधोपचाराबद्दल तुम्हाला उगाच घाबरवले आहे. ईएसआयमध्ये प्रत्येक अंशदान कालावधीला जोडून नंतर एक लाभ कालावधी असतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानाचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनमध्ये, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानाचा १ जुलै ते ३१ डिसेंबरमध्ये. अंशदान कालावधीत ७८ दिवस भरले असले की त्याच्या लाभ कालावधीच्या शेवटापर्यंत उपचार मिळतात, मधे नोकरी गेली तरी. तुमचे एप्रिल-सप्टेंबर पूर्ण भरलेले, म्हणून जूनअखेरपर्यंत चिंता नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी हे चार महिनेही भरलेले, त्यात ७८ च्या वर दिवस होतात, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतही नाही. आईचे नाव अवलंबित म्हणून ई-पहचान कार्डावर आहे ना, एवढे तपासा. औषधांच्या खिडकीवर कोणी ‘अब आपकी नौकरी नहीं है’ म्हणाले तर पोर्टलवरून पात्रतेचा कागद काढून दाखवा. तिथला माणूस वाईट नसतो, त्याला स्क्रीनवर जे दिसते तेच तो बोलतो.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना ही वेगळी, जुनी, १ एप्रिल २००५पासूनची. तीही ईएसआयचीच. कारखाना बंद पडला, कायदेशीर छटनी झाली, किंवा कामाबाहेरच्या अपघाताने ४० टक्क्यांहून कमी नाही इतके कायमचे अपंगत्व आले, तर तिच्यात जास्तीत जास्त २४ महिने भत्ता मिळतो: पहिल्या बारा महिन्यांत सरासरी वेतनाच्या ५० टक्के, पुढच्या बारा महिन्यांत २५ टक्के. शिवाय त्या काळात कुटुंबाला उपचार. दिसायला ही अटल योजनेपेक्षा कितीतरी मोठी आहे. पण तिला छटनीचा किंवा बंदचा पक्का कागद लागतो, आणि ठेकेदार तो सहसा देत नाही. म्हणूनच मी पत्र, पोच, हरकत असा एवढा घोळ घालतो आहे: कामगार अधिकाऱ्यापुढे ठेकेदाराने छटनी कबूल केली, भरपाई दिली, तर याच कागदावर तुमचा दोन वर्षांचा दावा उभा राहू शकतो. एकाच काळासाठी दोन्ही योजना घेता येत नाहीत. शाखेत लोक फक्त अटलचे नाव काढतात, कारण तेच गाजले आहे. तुम्ही श्रमिक योजनेचे नाव स्वतःहून काढा.

तक्रार कुठे करायची यात इंदूरवाले नेहमी चुकतात. मध्यप्रदेशाच्या श्रमायुक्तांचे कार्यालय इंदूरला आहे म्हणून सगळे तिकडे धावतात. पीथमपूर धार जिल्ह्यात येते. भरपाई, नोटीस-वेतन, थकीत पगार यांची तक्रार कारखाना ज्याच्या हद्दीत आहे त्या कामगार अधिकाऱ्याकडे द्यायची; राहण्याचा पत्ता कामाचा नाही. सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवली की राज्याच्या कामगार विभागाची फाइल हलते, असा अनुभव आहे. पण पीएफ आणि ईएसआय ही केंद्राची खाती. त्यांच्या तक्रारी १८१ वर टाकून महिनाभर वाट बघण्यात अर्थ नाही, त्यांची तक्रार-पोर्टले वेगळी आहेत. वाद समेट अधिकाऱ्यापुढे न्यायला दोन वर्षांची मर्यादा आहे. ‘पहिले दिवाळी होऊ दे’ असे दोनदा म्हटले की ती संपते.

पीएफबद्दल लोक मला सगळ्यात आधी विचारतात आणि मी सगळ्यात शेवटी उत्तर देतो, कारण ते पैसे कुठे पळून जात नाहीत. नोकरी गेली म्हणून लगेच सगळे काढण्याची घाई करू नका. खात्यावर व्याज चालू राहते. किती काढता येते याचे नियम सध्या बदलत्या अवस्थेत आहेत: जुन्या नियमात महिन्यानंतर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर सगळे, तर १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत विश्वस्त मंडळाने ७५ टक्के लगेच आणि उरलेले २५ टक्के बारा महिन्यांच्या बेकारीनंतर असे ठरवले. दावा भरताना पोर्टल जी रक्कम दाखवेल ती खरी धरा.

त्याआधी मात्र एक काम करा. दोन ठेकेदार म्हणजे एकाच यूएएनखाली (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) दोन सदस्य क्रमांक. पहिल्याची शिल्लक दुसऱ्यात हस्तांतरित करून घ्या. कारण असे: सलग पाच वर्षे पूर्ण झाली नसतील आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर काढताना कर कापतात. दोन खाती वेगळी ठेवलीत तर २ वर्षे ४ महिने आणि ३ वर्षे २ महिने, दोन्हीकडे पाचाच्या आत. जोडलीत तर साडेपाच वर्षे, आणि कराचा प्रश्न मिटला. ठेकेदाराने बाहेर पडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः भरू शकता. पेन्शनचा भाग काढू नका असे माझे मत. तुमची साडेपाच वर्षे झाली आहेत. दहा झाली की पेन्शनचा हक्क मिळतो, आणि साडेनऊ वर्षेही दहा धरतात. पैसे काढले की मोजणी शून्यापासून. अडले तर रेसकोर्स रोडच्या पीएफ कार्यालयात जा, किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर भरते तिथे. शिबिरात अधिकारी समोर बसलेला असतो, काम लवकर होते.

ग्रॅच्युइटी अवघड आहे. मुदत न लिहिलेल्या नोकरीत तिला एका मालकाकडे पाच वर्षे लागतात, आणि तुमची कुठल्याच एका ठेकेदाराकडे पाच वर्षे नाहीत. लाइन तीच, मशीन तेच, फक्त पगारपत्रकावरचे नाव बदलले, हा युक्तिवाद कामगार अधिकाऱ्यापुढे नक्की मांडा, मूळ कारखान्यालाही पक्षकार करा. पण या पैशांवर घरखर्चाचा हिशेब बांधू नका.

सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांतल्या मुलांचेही असेच प्रश्न येतात. ईएसआयची वेतनमर्यादा २०१७पासून २१,००० आहे. त्यावर पगार असेल तर यातला कुठलाही बेकारी भत्ता नाही. त्यांनी नोटीस-वेतन, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि पीएफ एवढेच बघावे. अंशदान कालावधीच्या मधेच पगार २१,००० च्या वर गेला असेल, तर तो कालावधी संपेपर्यंत माणूस ईएसआयमध्येच राहतो, हे मात्र अनेक एचआरवाल्यांनाही ठाऊक नसते.

राज्य सरकारचा ‘बेरोजगारी भत्ता’ म्हणून फोनवर ज्या लिंका फिरतात त्या उघडू नका. मध्यप्रदेशात खरी आहे ती २०२३ ची ‘मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना’, आणि ती १८ ते २९ वयाच्या, राज्याचे मूळ रहिवासी असलेल्या तरुणांना काम शिकताना शिक्षणाप्रमाणे महिना ८,००० ते १०,००० देणारी आहे. धाकट्या भावाला सांगा.

ठेकेदाराचा माणूस तुम्हाला सांगेल की या सगळ्यात वर्षे जातात, इंदूरच्या हुकुमचंद मिलवाल्यांचे काय झाले बघा. बघावेच. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि देण्यांचे सुमारे २२४ कोटी २५ डिसेंबर २०२३ ला सुपूर्द झाले. तोवर कित्येक मूळ कामगार हयात नव्हते, वारसांनी पैसे घेतले. पण तो प्रश्न बंद पडलेल्या कंपनीच्या मालमत्तेवर कोणाचा किती हक्क याचा होता. तुमचा ठेकेदार जिवंत आहे, त्याचे कंत्राट चालू आहे, पुढच्या वर्षी त्याला ते नव्याने मिळवायचे आहे. कामगार अधिकाऱ्याची नोटीस मूळ कारखान्याच्या एचआरच्या टेबलावर गेलेली त्याला परवडत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा प्रकरण पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच मिटते. मिटवताना तो रक्कम कमी करायला बघेल. नोटीस-वेतनावर थोडे मागेपुढे झाले तर चालवून घ्या, पण तडजोडीच्या कागदावर ‘छटनी’ हा शब्द आणि ३१ जानेवारी ही तारीख आल्याशिवाय सही करू नका. त्या कागदाची एक प्रत ईएसआय शाखेत द्यायची आहे.